सिंधुदुर्गचा सागर आणि आपली मुले

आपल्या आनंद नगरातील मुलांना पाणी ठाऊक आहे ते भोपाळच्या मोठ्या तलावाचे. सुट्टीत कोकणात गेल्यावर मात्र त्यांची गाठ समुद्राशी पडते. रत्नागिरीतून १९८१ साली वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये वसला आहे. नैर्ऋत्येचे मोसमी वारे घाटावर अडतात. म्हणून जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस आणि खवळलेला समुद्र. तारकर्लीची पुळण व मालवणचा जलदुर्ग पाहण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेव्हाही पाण्यातील मूल हाताच्या अंतरावरच असावे; परतणारा प्रवाह पोहणाऱ्यालाही आत ओढतो. दुर्दैवाने मूल बुडालेच, तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असल्यास आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब. रुग्णालय गाठेपर्यंत मेंदूला अवधी नसतो. ही कृती प्रत्येक पालकाने निघण्यापूर्वीच शिकून घ्यावी.