नातीचा प्रवेश-अर्ज आणि आजीचे इन्शुलिन

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की जालना जिल्ह्यातील घराघरांत दोन कामांची धांदल एकाच वेळी उडते. एक पेरणीची आणि दुसरी मुलांच्या प्रवेशाची. सरकीच्या पिशव्या आणि दाखल्यांची फाइल एकाच कोनाड्यात ठेवलेली दिसते. या घाईगर्दीत घरातील वडीलधारे बहुधा बाजूला राहतात. त्यांना कोणी काही विचारत नाही आणि तेही आपणहून काही बोलत नाहीत. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठीही आहे.

वाचकहो, एक घर डोळ्यांसमोर आणा. बदनापूर तालुक्यातील एखादे गाव, मोसंबीची लहानशी बाग, दिवसभर शेतात राबणारे मुलगा आणि सून. आजीला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन घ्यावे लागते आणि ते देण्याचे काम नातीकडे आहे. मात्रा तीच पाहते, सुई तीच टोचते, संपत आलेले औषध तीच आणते. दहावीनंतर ती रोज एसटीने जालन्याला जाऊन अभियांत्रिकीची पदविका शिकली. तीन वर्षे संपली, गुण उत्तम मिळाले. आता पुण्या-मुंबईच्या नामांकित संस्थेत पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची शक्यता आहे. पण महाविद्यालयांचे विकल्प भरताना ती घराजवळची दोनच नावे लिहिते. का, असे विचारले तर म्हणते, "मला दूर जायचंच नाही." आजीला ते ऐकून क्षणभर बरे वाटते. रात्री मात्र तिला झोप लागत नाही, कारण खरे कारण तिला ठाऊक असते.

हे घर कल्पनेतील आहे. तरीही आपल्यापैकी अनेकांना ते ओळखीचे वाटेल.

मध्येच वाट बदलताना

शिक्षण एका ठिकाणी सुरू करून पुढे दुसऱ्या, अधिक नावाजलेल्या संस्थेत जाण्याचे मार्ग आपल्याकडे मोजकेच आहेत. त्यांतील सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश. महाराष्ट्रात ही प्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत केंद्रीय पद्धतीने चालते. पात्रतेसाठी पदविकेत किमान ४५ टक्के, तर राखीव प्रवर्गातील उमेदवारांना ४० टक्के गुण लागतात. वेगळी प्रवेश परीक्षा नसते. पदविकेच्या गुणांवरूनच गुणवत्ता यादी लागते.

पात्र ठरणे निराळे आणि हवी ती संस्था मिळणे निराळे. १८५४ पासूनची परंपरा असलेले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, जे आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते, किंवा १८८७ साली स्थापन झालेली मुंबईची व्हीजेटीआय, येथील थोड्या जागांसाठी राज्यभरातील हुशार मुलांची चुरस असते. म्हणून विकल्पांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. जी संस्था मनापासून हवी ती वर लिहावी आणि जिथे जायचेच नाही तिचे नाव भरूच नये, इतके साधे सूत्र आहे. आपल्या गोष्टीतील नातीने पहिल्याच पायरीवर स्वतःला स्पर्धेतून वगळले. तिला कोणी नाकारले नाही, तिने विचारलेच नाही.

कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यालाही विद्यापीठ बदलता येते. त्यासाठी नव्या ठिकाणी जागा रिकामी असावी लागते आणि दोन्हीकडचे विषय जुळावे लागतात. जुन्या महाविद्यालयाचा सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र हाती असावे लागते. जालना जिल्ह्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात, तर शेजारचा परभणी जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या कक्षेत. त्यामुळे पुण्याला जाणाऱ्यालाच नव्हे, तर परभणीला जाणाऱ्यालाही हे प्रमाणपत्र लागते. २०२१ पासून 'शैक्षणिक श्रेयांक बँक' नावाची व्यवस्था सुरू झाली आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिच्यात नोंदले जातात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. तरीही कोणते श्रेयांक स्वीकारायचे हे नवी संस्था ठरवते. म्हणून जुने नाव कमी करण्यापूर्वी नव्या संस्थेचे लेखी उत्तर हाती घ्यावे.

ही वाट मराठवाड्याला नवी नाही

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील मुलाला पदवीपर्यंत शिकायचे असेल, तर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. ती चळवळ उस्मानियापर्यंत पोहोचली आणि अनेक विद्यार्थ्यांना संस्थेबाहेर काढण्यात आले. त्यांचे शिक्षण अर्ध्यावर तुटले होते. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी दार उघडले. टी. जे. केदार हे त्या वेळी तेथील कुलगुरू होते. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही या चळवळीतील एक विद्यार्थी होते.

त्या मुलांच्या घरीही वृद्ध माणसे होती. फोन नव्हते, पत्राची वाट पाहण्यात दिवस जात. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. आपल्यापैकी काहींनी ते दिवस पाहिले आहेत, काहींनी घर सोडून शिक्षण घेतले आहे, तर काहींना कोणीतरी थांबवले म्हणून ते राहून गेले आहे. नातवंडाशी बोलताना हा अनुभव उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

आपल्या पेटीतील कागद

प्रवेशप्रक्रियेत ज्येष्ठांचा फार मोठा वाटा एका ठिकाणी असतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. असा कागद नातवंडाजवळ असणे शक्य नाही. तो आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदीत किंवा जुन्या महसुली उताऱ्यात सापडतो. निजामकाळातील नोंदी पुष्कळदा उर्दूत आहेत. कोणत्या गावच्या शाळेत नाव होते, आडनाव पूर्वी कसे लिहीत, कोणता चुलता कोणत्या गावी स्थायिक झाला, ही माहिती आपल्यालाच असते. घराण्याची वंशावळ एका वहीत सावकाश लिहून ठेवा. यादी लागल्यानंतरच्या धावपळीपेक्षा उन्हाळ्यातील निवांत दुपार या कामाला बरी.

एक सूचना मात्र आवर्जून पाळावी. जुनी पेटी माळ्यावर असेल, तर ती काढायला स्टुलावर किंवा शिडीवर आपण चढू नये. या वयात खुब्याचे हाड मोडले, तर नातवंडाचा प्रवेश आणि आपले चालणे दोन्ही अडतात.

देखभालीची सूत्रे दुसऱ्या हाती

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. नात गेल्यावर इन्शुलिन कोण देणार? "होईल काहीतरी" या उत्तराने तिचे मन मोकळे होणार नाही. तिला प्रत्यक्ष व्यवस्था दिसली पाहिजे. ही व्यवस्था प्रवेशाचा निकाल लागण्यापूर्वी, निदान तीन आठवडे आधी सुरू करावी. पहिल्या आठवड्यात नात इन्शुलिन देईल आणि सून शेजारी बसून पाहील. दुसऱ्या आठवड्यात सून किंवा मुलगा देईल आणि नात पाहील. तिसऱ्या आठवड्यात नातीने त्या वेळी घरात असूनही मधे पडू नये. आजीची दृष्टी आणि बोटांची पकड चांगली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने स्वतः इन्शुलिन पेन वापरायला शिकावे. सत्तरीतही हे शिकता येते, आणि स्वतःचे औषध स्वतः घेता आल्याचा आत्मविश्वास मोठा असतो. मात्रा मात्र मनाने कमी-जास्त करू नये.

घरातील प्रत्येकाला रक्तातील साखर एकाएकी उतरल्याची लक्षणे ठाऊक असावीत. दरदरून घाम, थरथर, एकदम लागलेली भूक, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही ती लक्षणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल पण लक्षणे दिसत असतील, तर सुमारे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नात जाण्यापूर्वी तिच्याकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात. पहिली म्हणजे औषधांचा तक्ता. औषधाचे नाव, मात्रा, वेळ, डॉक्टरांचा आणि औषध दुकानाचा दूरध्वनी मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा. दुसरी, वय सत्तर किंवा अधिक असल्यास आयुष्मान वय वंदना कार्ड. उत्पन्नाची अट नसलेल्या या योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. तिसरी, आजवर तिच्या मोबाइलवर होणारी कामे दुसऱ्या कुणाला दाखवून ठेवणे. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्याचे काम यात विसरू नये. गावातील आशाताईंनाही कळवून ठेवावे, की आता घरात दिवसा ज्येष्ठ व्यक्ती एकटी असते.

न बोललेले बोलावे

व्यवस्था लागली तरी मनाचा भाग उरतोच. "जा बाई, माझं काय, मी आज आहे उद्या नाही," असे आपण सहज म्हणून जातो. आपल्या मते ती परवानगी असते, पण मुलीच्या कानांवर तिचा भार पडतो. दुसऱ्या टोकाला काही ज्येष्ठ आपला त्रास पूर्ण लपवतात. चक्कर येते, पायाची जखम भरत नाही, पण "पोरीची परीक्षा आहे" म्हणून कोणाला सांगत नाहीत. मग एके रात्री रुग्णालय गाठावे लागते आणि मुलीला सत्र अर्ध्यावर टाकून धावत यावे लागते. पुढे ती फोनवरच्या "मी बरी आहे" या शब्दांवर कधी विश्वास ठेवत नाही.

यापेक्षा सरळ बोलावे. "तू गेलीस की मला करमणार नाही. भीतीही वाटते. तरी तू अर्ज भरावास असं मला वाटतं. माझी सोय अशी अशी केली आहे." यात भीती लपवलेली नाही आणि ती मुलीवर लादलेलीही नाही. एक ठरावही करावा. तब्येतीत बदल झाला तर खरे सांगितले जाईल, आणि सांगितले म्हणजे लगेच निघून यावे असा त्याचा अर्थ नसेल.

हे सारे झाल्यावरही तिने जवळचीच संस्था निवडली, तर तो निर्णय तिचा मानावा. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचे आहे, आणि जालन्याहून ते शहर साठेक किलोमीटरवर आहे. तेथे राहून शिकणेही कमी प्रतीचे नाही. आपल्या धास्तीने केलेली निवड आणि स्वतःच्या मनाने केलेली निवड यांतील फरक तिला कळला, एवढे पुरे.

ती गेल्यानंतर

थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलांसाठी पहिले सत्र जड असते. वर्गातील इतर मुले एक वर्ष एकत्र शिकलेली असतात, गणित कठीण जाते, इंग्रजीतील व्याख्याने पचायला वेळ लागतो. जालन्यात पहिली येणारी मुलगी तिथे मधल्या फळीत जाते. या काळात गुण विचारू नका. काय जेवलीस, झोप किती झाली, मैत्रीण मिळाली का, हे विचारा. ती सतत गप्प राहू लागली, झोप उडाली किंवा "मला जगावंसं वाटत नाही" असे काही बोलली, तर ते लहरीवर घेऊ नका. त्याच दिवशी तिच्याशी बोला, तिच्याजवळ कोणीतरी राहील असे पाहा. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर दिवसरात्र समुपदेशन विनामूल्य मिळते.

आपल्यालाही पहिले काही आठवडे घर रिकामे वाटेल. औषधाची वेळ झाली की उंबरठ्याकडे नजर जाईल. ते स्वाभाविक आहे. फोनची वेळ ठरवून घ्या, म्हणजे दिवसभर वाट पाहावी लागणार नाही. सकाळी मंदिरापर्यंत किंवा बांधापर्यंत चालत जा, शेजारणीला दुपारी बोलवा. मन फारच खचले, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाणी आहे.

आपल्या घरी यंदा असा अर्ज भरला जाणार असेल, तर मुदत संपण्यापूर्वीची एक संध्याकाळ राखून ठेवा. नातवंडाला जवळ बसवा आणि विकल्पांची यादी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. जे नाव यादीत असायला हवे होते पण नाही, ते का नाही, एवढाच प्रश्न विचारा. उत्तर ऐकताना मधे बोलू नका. मग औषधाची वेळ झाली, की सुनेला हाक मारा आणि नातीला शेजारी बसून नुसते पाहायला सांगा.