निस्तरणाऱ्यांची विद्या

सॉफ्टवेअर सल्लासेवेत ‘आर्किटेक्ट’ हे पद मानाचं, तर ‘सपोर्ट प्रोजेक्ट’ म्हटलं की चेहरे पडतात. पुण्याच्या हिंजवडीत नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरला डेव्हलपमेंटचं काम हवं असतं. दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड सांभाळायची वेळ आली, की आपण मागे पडलो असं त्याला वाटतं. पण या व्यवसायाचा भारतातला इतिहास पाहिला तर ही प्रतवारी उलटी लावावी लागते. आर्किटेक्ट घडतो तो सांभाळण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात, आणि त्या कामाशी त्याचा संबंध तुटत गेला की त्याचा सल्लाही पोकळ होत जातो.

टीसीएस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. सत्तरच्या दशकात तिला मिळालेल्या परदेशी कामांत एका संगणकासाठी लिहिलेले प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालतील असे करून देण्याची कामं होती. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. नव्वदच्या दशकाअखेरीचं वायटूके हे तर निव्वळ डागडुजीचं काम. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये जागा वाचवण्यासाठी सालाचे दोनच अंक ठेवलेले असत. २००० साल १९०० धरलं जाऊ नये म्हणून ते चार करायचे होते. या कामाला हमाली म्हणून हिणवलं गेलं. पण अंक बदलणं हा त्यातला सोपा भाग होता. व्याजाची आकारणी, विम्याची मुदत, निवृत्तीचं वय यांत तारीख कुठे वापरली जाते आणि एका प्रणालीतून दुसरीत कशी जाते, याचा माग काढणं अवघड होतं. त्या निमित्ताने हजारो इंजिनिअरांनी परदेशी बँकांची आणि विमा कंपन्यांची अंतर्रचना आतून वाचली. पुढे त्याच बँकांना आपले व्यवहार इंटरनेटवर आणायचे होते. वेबसाइट चोवीस तास उघडी, पण मागची प्रणाली मात्र दिवसाचा हिशेब रात्री मिटवणारी. हा सांधा कुठे अडेल ते जुनं घर पाहिलेल्यालाच कळणार होतं. १९९९ मध्ये मोठ्या जावा प्रणालींसाठीचं जेटूईई आलं, २००६ मध्ये अॅमेझॉनने भाड्याची यंत्रणा, म्हणजे क्लाउड, देऊ केली, २०१४ नंतर एक प्रणाली छोट्या स्वतंत्र सेवांत विभागणाऱ्या मायक्रोसर्व्हिसेसचा बोलबाला झाला. साधनं बदलत गेली. हा सांधा जुळवण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी पुन्हा सोडवावा लागला.

याची दुसरी बाजू ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने दाखवली. एप्रिल २०१८ मध्ये तिने आपली खाती नव्या प्रणालीवर नेली. माहिती नीट पोहोचली, पण प्रणाली कोलमडली. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. जवळपास सगळं स्थलांतर एका झटक्यात करण्याच्या निर्णयावर चौकशीत ठपका आला. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला आणि पुढच्या वर्षी तिच्या माजी माहिती-तंत्रज्ञान प्रमुखालाही व्यक्तिशः दंड भरावा लागला. बँकेने प्रणालीचं काम बाहेर दिलं होतं, पण काम बाहेर दिलं तरी उत्तरदायित्व बाहेर जात नाही, हा त्याचा अर्थ. सल्लासेवेचं गणित मात्र नेमकं याच्या विरुद्ध चालतं. अनुभवी आर्किटेक्टला प्रपोजल लिहायला पाठवलं जातं, कारण नवं काम तिथून मिळतं. प्रणाली प्रत्यक्ष वापरात आली, म्हणजे गो-लाइव्ह झालं, की तो पुढच्या क्लायंटकडे. आपल्या आराखड्याचं तीन वर्षांनी काय झालं, हे त्याला कुणी सांगतही नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: चार बँका पाहिलेल्या बाहेरच्या माणसाला जे दिसतं ते आतल्याला दिसत नाही. खरं आहे, आणि सल्लागाराला त्याचेच पैसे मिळतात. पण चार ठिकाणची फक्त सुरुवात पाहिली तर हाती चार सुरुवातीच लागतात. काय टिकलं आणि काय मोडलं हे कळल्याशिवाय त्यांची तुलना होत नाही. दुसरा आक्षेप असा, की क्लाउडमुळे चुकलेला निर्णय चुटकीसरशी फिरवता येतो. सर्व्हर कमी-जास्त करण्यापुरतं ते बरोबर आहे. ग्राहकाची अधिकृत नोंद कोणत्या प्रणालीत राहील, हे एकदा ठरून दहा विभाग त्यावर विसंबले की ते फिरवायला वर्षं जातात. जिथे फिरवणं जमलं तिथेही कुणी फिरवलं ते पाहावं. २०२३ मध्ये अॅमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओने चित्र-ध्वनीची गुणवत्ता तपासणारी आपली एक यंत्रणा विखुरलेल्या सेवांतून काढून एकसंध केली आणि तिचा खर्च नव्वद टक्क्यांहून अधिक घटवला. ती फेररचना ती यंत्रणा रोज चालवणाऱ्या चमूची होती. फॅशनविरुद्ध जाण्याचं धाडस त्या चमूला रोजच्या वापरातून मिळालं.

म्हणून उपाय करारातच शोधायला हवा. गो-लाइव्हनंतर किमान वर्षभर आराखडा करणाऱ्याचा ठरावीक वेळ त्याच प्रणालीसाठी राखून ठेवावा, प्रत्येक मोठा निर्णय आणि त्याची कारणं लिहून ठेवण्याची अट असावी, आणि आर्किटेक्टच्या बढतीत सपोर्टची वर्षं जमेस धरावीत. क्लायंटचा खर्च याने थोडा वाढेल, कंपनीचं बिलिंग थोडं अडेल. पण एवढीही किंमत द्यायची तयारी नसेल, तर क्लायंट आर्किटेक्टच्या दराने फक्त चांगलं प्रपोजल विकत घेतो आहे, हे दोन्ही पक्षांनी मान्य करावं.