शंभर गुणांच्या पलीकडे

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला माणूस रोजच्या व्यवहारात कितपत स्वावलंबी आहे, हे मोजायला बार्थेल निर्देशांक वापरतात. महोनी आणि बार्थेल यांनी तो १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, जिना अशा १० बाबी आणि एकूण गुण १००. पण पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणून माणूस एकटा राहू शकेल असं नाही, स्वयंपाक आणि घरकाम त्याला कदाचित जमणार नाही, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

या शंभरांत बोलणं येत नाही. थकवाही नाही, आणि मनाचं तर नाहीच. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य गाठतं. घरचे त्याला हट्टीपणा म्हणतात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर उजवी बाजू लुळी पडतेच, शिवाय अनेकांची वाचा जाते. उजव्या भागाच्या इजेत कधी कधी निराळंच घडतं. ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपते, डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहते. नजर शाबूत असते, पण डावी बाजू मेंदूच्या लक्षातच येत नाही. अशा वेळी ताट फिरवून द्यावं आणि डावीकडे बघण्याची आठवण करत राहावं.

घरोघरी मायेपोटी बटणं लावून दिली जातात, घास भरवले जातात. यात रुग्णाचं नुकसान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मेंदू सरावानेच पुन्हा शिकतो. पहिल्या काही महिन्यांत वेगाने, नंतर हळूहळू. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. एवढं समजलं की पुष्कळांना एका हाताने जमतं. वेळ लागतो, तो लागू द्यावा. मात्र उठवताना लुळा हात धरून ओढू नये, खांदा निसटतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

रुग्णालयातून घरी नेताना फिजिओथेरपीची चौकशी सगळेच करतात. त्याच वेळी वाचा-उपचारांचं आणि मनःस्थितीचंही डॉक्टरांना विचारा. या नैराश्यावर उपचार आहेत.