टायरमधील गंधकाचे पूल

उन्हाळ्यात लांब पल्ल्याहून आलेल्या एस.टी.चा टायर चांगलाच तापलेला असतो; तरी तो मऊ होऊन रस्त्याला चिकटत नाही. असे का?

कच्चे रबर म्हणजे लांबच लांब रेणुसाखळ्यांचा गुंता. तापले की साखळ्या एकमेकींवरून घसरतात आणि रबर चिकट होते. गंधक मिसळून रबर तापवल्यास हा दोष जातो, असे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात, त्यामुळे त्या घसरत नाहीत.

पण सगळे पूल सारखे नसतात. एखाद्यात गंधकाचा एकच अणू असतो, एखाद्यात दोन, चार किंवा अधिक. गंधक-गंधक बंध हा कार्बन-गंधक बंधापेक्षा दुबळा. म्हणून लांब पूल उष्णतेने लवकर तुटतात. आखूड पूल उष्णतेत टिकतात. मात्र वारंवार वाकवल्यास अशा रबराला लवकर चिरा पडतात. टायर दोन्ही सोसतो. तेव्हा गंधक किती घातले एवढ्यावर भागत नाही. पूल कोणते तयार झाले, हे कळायला हवे. आणि व्हल्कनीकृत रबर तर द्रावकात फुगते, विरघळत नाही! मग तपासायचे कसे?

इथे क्ष-किरण मदतीला येतात. गंधकाच्या अणूतील सर्वांत आतला इलेक्ट्रॉन हलवण्यास सुमारे २,४७२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. रबरावर पडणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा थोडी थोडी वाढवत नेली, की इथे शोषण एकदम वाढते आणि आलेखावर शिखर दिसते. शिखराची नेमकी जागा अणूच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असते. शेजारी गंधक असेल तर एक जागा, दोन्हीकडे कार्बन असेल तर साधारण एक इलेक्ट्रॉन व्होल्ट पुढे. प्राणवायूशी संयोग होऊन सल्फेट बनले असेल, तर शिखर सुमारे दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट पुढे सरकते. म्हणजे रबर जुने होताना गंधकाचे काय झाले, हेही कळते.

अडीच हजारांत एकाचा फरक ओळखण्यासाठी सिंक्रोट्रॉन यंत्रातील प्रखर क्ष-किरण वापरतात. जर्मनीत बॉन येथे १९९० च्या दशकात असे प्रयोग झाले. रबरात अनेक प्रकारचे पूल एकत्र असतात. म्हणून माहितीच्या गंधक-संयुगांचे आलेख शेजारी ठेवून कोणाचा वाटा किती, ते काढतात.

आता विचार करा: सतत तापणाऱ्या इंजिनाजवळच्या रबरी नळीसाठी तुम्ही कोणते पूल निवडाल?