विमा माझ्या रानाचा की मंडळाचा?

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पलूस, वाळवा, मिरजेच्या नदीकाठचा ऊस पाण्यात कुजला. जुलै २०२१मध्ये पुन्हा तेच झालं. त्यानंतर खात्यावर जमा झालेल्या रकमेला 'विम्याचे पैसे' म्हणणारे आजही भेटतात. ते विम्याचे नव्हते. पंचनाम्यावरून सरकारने दिलेली ती मदत होती. महाराष्ट्रात प्रधानमंत्री पीक विम्याच्या यादीत ऊस नाही, हळदही नाही. भात, सोयाबीन, भुईमूग, ज्वारी, बाजरी, तूर, कांदा आहेत. नदीकाठचं सगळ्यांत मोठं पीकच विम्याबाहेर आहे, ही गोष्ट शेतकऱ्याला हप्ता भरण्याआधी कुणीतरी सांगायला हवी.

सोयाबीनवाल्याचा समज वेगळा: माझं पीक गेलं, म्हणजे भरपाई मिळणारच. पण हा विमा मोजतो ते महसूल मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या गटाचं, सरासरी उत्पन्न. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात, तिच्या ७० टक्क्यांना उंबरठा उत्पन्न म्हणतात. समजा, ते हेक्टरी १० क्विंटल आहे. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे निवडलेल्या रानांतलं पीक कापून वजन केल्यावर, मंडळाची सरासरी ८ आली, तर तूट २० टक्के. विमा रक्कम ५० हजार असेल तर हेक्टरी १० हजार मिळतात, मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला सारखेच. सरासरी ११ आली, तर ज्याचं रान ओढ्याकाठी वाहून गेलं त्यालाही काही नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, पण नियम असाच आहे.

पूर्वी याला थोडी वाट होती. एकट्या रानाचं नुकसान ७२ तासांत कळवलं, की पाहणी व्हायची. राज्याने खरीप २०२५पासून ते जादा संरक्षण काढलं, एक रुपयातला विमाही थांबवला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत आणि कांद्यासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकरी भरतो.

तासगाव, कवठेमहांकाळची द्राक्षं, आटपाडीचं डाळिंब, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांचा विमा हवामानावर आधारलेला आहे. बागेत येऊन घड कुणी मोजत नाही. मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरलेल्या मुदतीत ठरलेला पाऊस किंवा तापमान नोंदलं गेलं, तरच भरपाई. बागेवर सर कोसळली आणि केंद्र कोरडं राहिलं, तर मणीगळ कितीही होवो, हाती काही येत नाही. गारपिटीसाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. तो भरला असेल तरच गारपिटीची भरपाई, आणि तिथे मात्र ७२ तासांत कळवावंच लागतं.

कर्जदारांना विमा सक्तीचा आहे, हाही जुना समज. २०२०पासून तो ऐच्छिक आहे. पण नको असेल तर अंतिम मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्यावं लागतं, नाहीतर हप्ता कापला जातो.

विम्यात सोयाबीन आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे पेऱ्याच्या सरकारी नोंदीत, भुईमूग, असं झालं तर अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून दोन्ही नोंदी ताडून घ्याव्यात. आणि कापणी प्रयोग कोणत्या गटात आहे ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून त्या दिवशी तिथे जावं. वजन होताना समोर उभं राहावं, कारण त्या काट्यावरचा आकडा अख्ख्या मंडळाच्या सरासरीत धरला जातो.