घडवून घेतलेला कोयता

बाजारातून वस्तू विकत आणणे आणि ती कारागिराकडून घडवून घेणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. पहिलीत ग्राहकाला किंमत तेवढी विचारावी लागते. दुसरीत आपले काम कोणते, आपला हात कसा, वस्तू किती वर्षे वापरावयाची, याचा आधी विचार करावा लागतो. आपल्या जुन्या गावांत हा विचार अंगवळणी पडलेला होता. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याने वर्षभर फाळ शेवटावेत, विळे-कोयते घडवावेत आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा न्यावा, अशी ती रीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे गुणदोष सविस्तर नोंदविले आहेत. त्या व्यवस्थेतील उच्चनीचता गेली पाहिजे होती, यात शंका नाही. परंतु अवजार वापरणारा व ते घडविणारा यांची जी ओळख तीत होती, तीही सोबतच गेली.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी कुटुंबांचा गावचा लोहार तर केव्हाच मागे राहिला. कोयता, खुरपे आणि विळी यांची गरज मात्र आपल्याबरोबर आली. आमच्या भोपाळात ही गरज भागविणारी माणसे आहेत, ती म्हणजे रस्त्याच्या कडेला भट्टी मांडून बसणारे गाडिया लोहार. हे लोक आपले मूळ चित्तोडचे सांगतात. १५६८ साली अकबराने चित्तोडगड घेतला, तेव्हा गड पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत घर बांधून राहावयाचे नाही, खाटेवर निजावयाचे नाही, अशी शपथ पूर्वजांनी घेतली, अशी त्यांची परंपरा आहे. म्हणून बैलगाडी हेच त्यांचे घर झाले. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत या समाजाने चित्तोडगडावर समारंभपूर्वक पुन्हा प्रवेश केला. शपथ फिटली, पण स्थिर घर सर्वांच्या वाट्याला आले नाही. आजही पुष्कळ कुटुंबे रस्त्याच्या कडेच्या झोपड्यांतच राहतात.

मध्य प्रदेशाच्या पूर्वेकडील अगरिया लोक दगडापासून लोखंड काढीत असत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गाडिया लोहारांचे काम निराळे. ते लोखंड काढीत नाहीत. मोटारगाड्यांच्या मोडीतून मिळणाऱ्या जुन्या पोलादाला नवे रूप देतात. मालमोटारीच्या कमानीच्या पट्ट्या त्यांना विशेष प्रिय. हे पोलाद लवचीक आणि चिवट असते, धार धरते, आणि फेकून दिलेले म्हणून स्वस्तही पडते.

आमच्या शाळेच्या आवारात पावसाळ्यानंतर टणटणीचे रान माजते. बाजारातील तयार कोयत्यांची धार दोन-तीन दिवसांतच वळू लागली, तेव्हा आम्ही अशाच एका भट्टीवर गेलो. ‘कोयता’ हा शब्द तेथे कुणाला ठाऊक नव्हता. म्हणून जाड पुठ्ठ्यावर आकृती कापून नेली होती. ती हाती घेऊन वृद्ध कारागिराने पहिला प्रश्न केला, ‘‘मास्टरसाब, काटना क्या है?’’ किंमत, लांबी, मूठ हे सारे नंतर. ओली टणटणी तोडावयाची तर पाते पातळ हवे आणि टोकाला किंचित आकडी हवी. वाळके बाभळीचे लाकूड तोडावयाचे तर पाठ जाड आणि वजन पुढे हवे. दोन्ही कामे एकाच कोयत्याने उत्तम होणार नाहीत, हे त्याने स्पष्ट सांगितले. मग त्याने आमच्या माळ्याची मूठ स्वतःच्या बोटांनी मोजली.

पुढचे काम पाहण्यासारखे असते. पुरुष सांडशीने लाल पट्टी ऐरणीवर धरतो आणि घरातील बाई घण घालते. लहान हातोड्याच्या टिचकीने तो घाव कोठे पडावा हे दाखवितो. आकार आला, कानशीने धार काढली, म्हणजे खरी परीक्षा पाण्याची. पाते पुन्हा लाल करून तेलात किंवा पाण्यात विझवितात. त्याने पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते घासून उजळ करून पुन्हा हलके तापवितात. तेव्हा त्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. कोयत्याला पिवळ्या-तपकिरीच्या आसपास थांबवावे लागते. रंग पुढे सरकला की धार मऊ पडली. हे सारे नजरेचे काम, म्हणूनच लोहार ते शक्यतो सावलीत करतो. आपल्या भाषेत शस्त्राला ‘पाणी देणे’ म्हणतात आणि माणसालाही ‘पाणीदार’ म्हणतात. हा शब्द भट्टीपाशीच समजतो.

कोयता घडवून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पाते वाजवून पाहावे. तडा असेल तर नाद बद्द येतो. वाळक्या फांदीवर दहा घाव घालून धार निरखावी. ती तुटली तर पाणी अधिक झाले, वळली तर कमी झाले. दोन्ही वेळा लोहार पुन्हा पाणी देऊ शकतो. पाणी दिलेले पाते यंत्राच्या दगडावर निळे पडेपर्यंत कधीही घासू देऊ नये, घरच्या दगडावर पाणी शिंपून घासावे. आणि काम संपताच पुसून तेलाचा हात फिरवावा.

कायद्याचीही जाण असावी. १९५९ चा शस्त्र कायदा व त्याखालील नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांची दखल घेतात. घरगुती व शेतीच्या कामासाठी बनविलेली अवजारे त्यांतून वगळली आहेत. म्हणून कोयता हा कामाचाच असावा, रुबाबासाठी मिरवू नये, आणि नेताना गोणपाटात गुंडाळून न्यावा.

किमतीविषयी थोडे बोलले पाहिजे. तयार मालाशी तुलना करून घासाघीस करणारे ग्राहक आम्ही तेथे पाहिले. त्या किमतीत कोळसा, दोन माणसांचा दिवस आणि पिढ्यांची नजर बसत नाही. स्वस्त कोयता आणि कायमचा लोहार, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. शिक्षक म्हणून आम्हांस आणखी एक गोष्ट दिसते. भट्टीला काम असते तोवर कुटुंब एका जागी टिकते. काम सरले की बिऱ्हाड हलते आणि हजेरीपटावरील लोहाराच्या मुलाचे नाव अर्ध्या वर्षातच ओकेबोके होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सत्राच्या मध्येही प्रवेश देण्याचे बंधन शाळांवर घातले आहे, हे खरे. पण मूल शाळेत राहण्यासाठी आधी त्याच्या घरची चूल एका ठिकाणी पेटत राहावी लागते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की घरातली विळी बोथट झाली, खवणीचे दाते झिजले, खुरप्याची मूठ निसटली, तर ती फेकू नये. जवळच्या भट्टीवर न्यावी, काम समजावून सांगावे आणि मागेल ते रास्त मोल द्यावे. आमच्या शाळेचा कोयता दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याच भट्टीवर जातो. आता त्याचे पाते बोटभर झिजले आहे. टणटणी मात्र तो अजून एका घावात तोडतो.