मुहूर्ताचा उजेड

लग्न ठरलं की घरात पहिली धावपळ होते ती तारखेची. गुरुजी पंचांग उघडतात, दोन-चार मुहूर्त सांगतात, त्यातल्या एका दिवशी कार्यालय मोकळं मिळतं आणि पत्रिका छापायला जाते. फोटोवाल्याला बोलावणं येतं ते त्यानंतर महिनाभरानं. तोवर वेळ ठरलेली असते, त्याला फक्त ती कळवायची असते. मी तीसेक वर्षं लग्नाचे फोटो काढतो आहे. आज एवढंच सांगायचं आहे, की वेळ ठरवताना पाच मिनिटं उजेडाचाही विचार करा. मुहूर्त मोडून नव्हे, पाळूनच.

एक अनुभव सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मार्गशीर्षात गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. वेळ ६ वाजून ५ मिनिटांची. घरापुढच्या अंगणात मांडव. वऱ्हाडाची एक गाडी वाटेत बंद पडली आणि तिच्यात नेमके नवऱ्या मुलाचे काका. काकांशिवाय अक्षता कशा टाकायच्या? सगळे थांबले. अंतरपाट दूर झाला तेव्हा पावणेसात वाजून गेले होते. मिट्ट काळोख, आणि मांडवात दोन पिवळे बल्ब. नवरीच्या मागे खुर्चीत तिची आजी बसली होती. मी फ्लॅश मारून फोटो काढला. नवरा-नवरी लख्ख आले. आजीच्या जागी नुसता लुगड्याचा पांढुरका आकार.

याचं कारण साधं आहे. फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. नवरा-नवरी माझ्यापासून सहा फुटांवर होते, आजी बारा फुटांवर. त्याच उन्हाळ्यात आजी गेली. घरची मंडळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘लग्नातला आजीचा एखादा चांगला फोटो काढून द्या.’ सगळ्या निगेटिव्ह धुंडाळल्या. नव्हताच. पाऊण तास आधी तोच फोटो फ्लॅशशिवाय आला असता, आजीच्या डोळ्यांसकट.

गोरज म्हणजे गुरं रानातून परतताना उडणारी धूळ. तिच्यावरून त्या वेळेला हे नाव पडलं. फोटोवाल्याला याहून चांगला मुहूर्त नाही. वधूवरांना अंतरपाटाच्या दोन बाजूंना पूर्व-पश्चिम उभं करण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. सूर्य क्षितिजावर असेल तर एकाच्या तोंडावर ऊन येतं आणि दुसऱ्याच्या पाठीवर, म्हणजे त्याचा चेहरा काळा. सूर्य मावळला की ही अडचण संपते. सगळ्या आकाशाचा मऊ उजेड दोघांच्या चेहऱ्यांवर सारखा पडतो. पण आपल्याकडे सूर्य मावळल्यावर हा उजेड वीस-बावीस मिनिटंच टिकतो. म्हणून गोरज मुहूर्ताला उशीर परवडत नाही. सकाळी ९ चं लग्न साडेनऊला लागलं तर फोटोत कुणाला कळणार नाही. संध्याकाळचं लागलं तर कळतं.

शिवाय ही वेळ सगळीकडे एक नसते. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य मावळतो सहाच्या सुमारास आणि नागपुरात साडेपाचला. मेच्या मध्यावर मुंबईत सातनंतर, नागपुरात पावणेसातला. मुंबईची मंडळी नागपूरला लग्नाला जातात तेव्हा आपल्याकडचा सहाचा उजेड डोळ्यांपुढे ठेवून कार्यक्रम आखतात आणि फसतात. पंचांगात गावोगावच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांची सोय असते, ती जरूर पाहावी.

आता दुपारचा मुहूर्त. पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटं, १२ वाजून ४० मिनिटं अशा वेळा आपण नेहमी वाचतो. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असं नसतं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे तिथं खरी मध्यान्ह सरासरीनं १२ वाजून ३९ मिनिटांना होते, तर नागपुरात १२ वाजून १४ मिनिटांच्या आसपास. दिवसाचे पंधरा भाग केले तर मधला आठवा भाग म्हणजे अभिजित मुहूर्त, तो याच मध्यान्हीला धरून असतो. म्हणजे गुरुजी आणि फोटोवाला, दोघंही एकाच सूर्याकडे बघत असतात. फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

माथ्यावरच्या उन्हात कपाळ चमकतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो, मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर उमटतात आणि सगळे डोळे बारीक करून उभे राहतात. वैशाखात तर विचारूच नका. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात आणि शेवटच्या आठवड्यात नागपुरात सूर्य नेमका डोक्यावर येतो, भर दुपारी सावली पायांखाली नाहीशी होते. मार्गशीर्षातली दुपार निराळी. तेव्हा पुण्यात मध्यान्हीचा सूर्यही दक्षिणेकडे कललेला, जेमतेम निम्म्या उंचीवर असतो. तेच १२.३० वाजलेले असतात, पण चेहऱ्यांवर डोळ्यांपर्यंत उजेड पोहोचतो.

तरीही दुपारच्या मुहूर्ताला नावं ठेवू नका. डोक्यावर मांडव असला आणि बाजू मोकळ्या असल्या तर भर दुपारी उत्तम फोटो येतात. अट एकच, मांडवाचं छत पांढरं हवं. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेलं ऊन चेहऱ्यांनाही तोच रंग देतं. नवरीची हळद उतरली तरी फोटोत ती पिवळीच दिसते. मांडववाल्याला हे आधी सांगितलं तर काम सोपं होतं.

बंद कार्यालयात सूर्याचा संबंध कमी. तिथं एवढंच पाहावं, की वधूवरांच्या पाठीमागे उघडी खिडकी नको आणि विधींच्या वेळी रंगीत दिव्यांची उघडझाप बंद ठेवावी.

कुणी म्हणेल, आता कॅमेरे सुधारले, मोबाइलवरसुद्धा रात्रीचे फोटो येतात. खरं आहे. पूर्वीच्या फिल्मपेक्षा आजचे कॅमेरे अंधारात कितीतरी जास्त पाहतात. पण ज्या चेहऱ्यावर उजेडच पडला नाही, तो चेहरा कुठलाही कॅमेरा आणणार कुठून?

मग करायचं काय? पत्रिका छापण्याआधी गुरुजींना विचारा, त्या दिवशी आणखी एखादा मुहूर्त आहे का? पुष्कळदा असतो. त्यातला कोणता आपल्या मांडवाला आणि ऋतूला सोयीचा, ते ठरवा. मुहूर्ताची वेळ म्हणजे अंतरपाट दूर होण्याची वेळ. मंगलाष्टकं त्याच्या आधी सुरू व्हायला हवीत, आणि आत्या, मामा, मावशी यांच्या स्वरचित मंगलाष्टकांचा वेळही त्यात धरायला हवा. घरच्या मंडळींच्या एकत्र फोटोंसाठी एका गटाला तीन मिनिटं धरा. पंधरा गट म्हणजे पाऊण तास. गोरज मुहूर्त असेल तर हा पाऊण तास सूर्यास्ताच्या आधीचा ठेवा आणि यादीत पहिलं नाव घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचं लिहा. वयस्कर माणसं लवकर थकतात. आणि फोटोच्या पायी त्यांना किंवा पाहुण्यांना उन्हात तिष्ठत मात्र ठेवू नका.

साताऱ्याकडच्या त्याच घरात पुढं धाकट्या मुलीचं लग्न निघालं. या वेळी तिच्या वडिलांनी पत्रिका छापण्याआधी गुरुजींना आणि मला एकाच दिवशी चहाला बोलावलं. मुहूर्त पुन्हा गोरजच धरला, पण वऱ्हाडाला दुपारी तीनलाच गावात आणायचं ठरवलं. साडेपाचला मी पहिला फोटो काढला तो नवरीच्या आईच्या आईचा. कॅमेऱ्याकडे न बघता ती नातीकडे बघत होती. मी तिला मान वळवायला सांगितलं नाही.